थंब द्यायच्या आधी: बायोमेट्रिक माहितीचा कायदा, पायरी पायरीने

एक नोकरी सोडून मला दोन वर्षं झाली होती. जुन्या सहकाऱ्याला भेटायला त्याच कचेरीत गेलो. दाराशी तेच हजेरीचं यंत्र होतं. गंमत म्हणून त्यावर अंगठा टेकवला, तर हिरवा दिवा लागला, यंत्रातली बाई "थँक यू" म्हणाली आणि दार उघडलं. माझा हिशेब चुकता झाला होता, ओळखपत्र जमा केलं होतं, ईमेल तर शेवटच्या दिवशी संध्याकाळीच बंद झाला होता. अंगठा मात्र अजून नोकरीवर होता.

तेव्हापासून कुणी बायोमेट्रिकबद्दल विचारलं की मी आधी एकच विचारतो: मिटवणार कधी? बहुतेक जण "सुरक्षित आहे ना?" असं विचारतात आणि "हो हो, एकदम" ऐकलं की बोट पुढे करतात. त्या "हो"ला कायद्यात काडीची किंमत नाही. तारखेला आहे. कोर्टात दावा लावायचा असेल तर वकील गाठावाच लागेल, पण त्याआधीचं बरंच काम आपलं आपल्याला करता येतं. ते कसं करायचं ते पुढे सांगतो.

पहिली पायरी: नेमकं काय घेताहेत ते ओळखा

बोटाचा ठसा, बुबुळ, चेहरा, आवाज, तळहातावरच्या शिरा, चालण्याची ढब. शरीराचं किंवा वागण्याचं असं काहीही, जे यंत्राने मोजलं की माणूस नेमका कोण ते कळतं, ते बायोमेट्रिक. यातला कळीचा शब्द "मोजलं" हा आहे. नुसता फोटो म्हणजे बायोमेट्रिक नव्हे. युरोपचा जीडीपीआर हा कायदा सांगतो की ओळख पटवण्यासाठी खास तांत्रिक प्रक्रिया केली, तरच फोटो या वर्गात येतो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचा कायदा फोटो, सही, उंची, वजन, डोळ्यांचा रंग यांना यादीतून स्पष्टपणे वगळतो, पण चेहऱ्याच्या ठेवणीचं स्कॅनिंग यादीत धरतो.

हा काथ्याकूट नाही. फेसबुकवर इलिनॉयमधल्या लोकांनी जो दावा लावला, त्यात फोटो लोकांनी स्वतःच टाकलेले होते. भांडण होतं ते त्या फोटोंतल्या चेहऱ्यांची मापं काढून "हा अमुक आहे का?" असं सुचवण्यावरून. २०२१ मध्ये ६५ कोटी डॉलरच्या तडजोडीला कोर्टाची मंजुरी मिळाली.

आता यंत्र विकणाऱ्याचं ठरलेलं वाक्य घेऊ: "आम्ही ठसा ठेवतच नाही, नुसते आकडे ठेवतो." हे अर्धं खरं आहे. बोटावरच्या रेषा कुठे संपतात, कुठे त्यांना फाटे फुटतात, ते बिंदू यंत्र हेरतं आणि प्रत्येकाची जागा आणि दिशा आकड्यांत लिहून घेतं. अशा काही डझन बिंदूंच्या नोंदीला टेम्प्लेट म्हणतात. पुढच्या वेळी बोट टेकलं की नवे आकडे जुन्यांशी ताडून पाहिले जातात. हे झालं खरं अर्धं. उरलेलं अर्धं असं, की २००७ मध्ये इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाच्या संशोधकांनी नुसत्या प्रमाणित टेम्प्लेटवरून बोटाचं चित्र परत तयार करून यंत्रांना फसवता येतं हे दाखवून दिलं. आणि तेही सोडा. ज्या आकड्यांवरून माझ्यासाठी दार उघडतं, ते आकडे माझेच असणार. म्हणून कायदे चित्र आणि टेम्प्लेट असा भेद करून टेम्प्लेटला सूट देत बसत नाहीत.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. "तू जो म्हणतोस तोच आहेस का?" हे तपासणं म्हणजे एकाशी एक पडताळणी. फोनचं कुलूप असं उघडतं, आणि चांगल्या फोनमध्ये ते टेम्प्लेट फोनमधल्याच एका बंदिस्त चिपमध्ये राहतं, कंपनीकडे जात नाही. "हा कोण आहे?" असं विचारून सगळी यादी धुंडाळणं म्हणजे एकाची अनेकांशी ताडणी. दारावरचा, चौकातला, स्टेडियममधला कॅमेरा हे करतो. दुसऱ्या प्रकारात तुमचं नाव यादीत नसलं, तरी तुमचा चेहरा मोजला जातोच. कायद्यांचा राग मुख्यतः या दुसऱ्या प्रकारावर आहे, आणि माझ्या मते तो रास्त आहे.

दुसरी पायरी: कोण मागतंय आणि कुठे, यावरून कायदा ठरवा

सगळ्या जगाला लागू असा एकच कायदा नाही. मागणारा कोण आहे (खासगी कंपनी, नोकरी देणारा, शाळा, सरकार की पोलीस) आणि तुम्ही कुठे आहात, या दोन गोष्टींवरून तुमचे हक्क बदलतात.

सगळ्यात बोलका कायदा इलिनॉयचा, २००८ चा. त्याच्या जन्माची कथा सांगण्यासारखी आहे. दुकानात बोट टेकवून पैसे भरायची सोय देणारी एक कंपनी दिवाळखोरीत निघाली. आता हिच्याकडची मालमत्ता विकायची, तर गिऱ्हाइकांच्या ठशांचं काय? तेही लिलावात जाणार का? या धास्तीतून विधिमंडळाने कायदा केला. त्यात आधी लेखी कळवणं आलं, मग लेखी संमती. माहिती कधी मिटवणार याचं धोरण लोकांसमोर ठेवायचं, आणि ही माहिती विकून नफा कमवायचा नाही. भंग झाला तर माणूस स्वतः कोर्टात जाऊ शकतो. हलगर्जीपणा असेल तर १,००० डॉलर भरपाई, जाणूनबुजून केलं असेल तर ५,००० डॉलर. राज्य सरकारच्या खात्यांना मात्र हा कायदा लागत नाही, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

टेक्सासचा २००९ चा कायदा दिसायला याचाच भाऊ, पण तिथे दावा फक्त राज्याचा ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचा मुख्य वकील, लावू शकतो. दंड एका भंगाला २५,००० डॉलरपर्यंत. तुम्हाला स्वतःला काही करता येत नाही म्हणून तो लुळा समजू नका. २०२४ मध्ये याच राज्याशी मेटाने, म्हणजे फेसबुकच्याच कंपनीने, १४० कोटी डॉलरवर तडजोड केली.

युरोपचा जीडीपीआर २५ मे २०१८ पासून लागू आहे. ओळख पटवण्यासाठीचं बायोमेट्रिक त्याच्या कलम ९ मध्ये आरोग्य, धर्म, राजकीय मतं यांच्या पंक्तीला बसतं. म्हणजे वापर मुळातच मना, आणि मोजके अपवाद. दंड दोन कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या चार टक्के, जे जास्त असेल तिथपर्यंत. त्यावर आता युरोपच्याच एआय कायद्याची भर पडली आहे. इंटरनेटवरून किंवा सीसीटीव्हीतून सरसकट चेहरे ओरबाडून ओळखीचा साठा बनवणं, तसंच कामाच्या जागी आणि शाळेत कॅमेऱ्याने लोकांच्या भावना ताडणं (वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून) २ फेब्रुवारी २०२५ पासून बंद.

भारताचं चित्र जरा गुंतागुंतीचं आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. आधार कायद्याचं कलम २९ मूळ बायोमेट्रिक माहिती कुणालाही, कोणत्याही कारणासाठी द्यायला मनाई करतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मात्र बायोमेट्रिकला वेगळा पाट मांडलेला नाही. तुमचा फोन नंबर आणि तुमचं बुबुळ एकाच पंक्तीत. मला हे पटत नाही. गंमत अशी, की आयटी कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत बायोमेट्रिक "संवेदनशील" माहितीच्या यादीत होतं. नव्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतात. तोवर जुनी यादी हाताशी ठेवा.

पोलिसांचं प्रकरण सगळीकडेच वेगळं. ब्रिटनमध्ये निर्दोष सुटलेल्यांचे ठसे आणि डीएनए पोलीस बेमुदत ठेवत होते. २००८ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ते खासगी आयुष्याच्या हक्काविरुद्ध ठरवलं. भारताच्या २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यात नोंदी ७५ वर्षं ठेवायची मुभा आहे. आधी शिक्षा झालेली नसेल आणि माणूस खटल्याविना किंवा निर्दोष सुटला, तर सगळे कायदेशीर मार्ग संपल्यावर नोंद नष्ट करायची, न्यायालयाने वेगळं सांगितलं नाही तर. अशा प्रकरणात सुटकेचा आदेश हातात आला की नोंद मिटवण्याची मागणी त्याच आठवड्यात लेखी करा.

तिसरी पायरी: सूचना मागा, तोंडी नको

माहिती घेणाऱ्याने आधी कळवणं हे जवळपास प्रत्येक कायद्यात आहे. भारताच्या नव्या कायद्यात तर (वर सांगितलेल्या जबाबदाऱ्या लागू झाल्या की) ती सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागते, म्हणजे मराठीत मागायचा हक्क तुमचा आहे.

सूचना हातात आली की हेतूचं वाक्य शोधा. "हजेरीसाठी" हा हेतू झाला. "सेवा सुधारण्यासाठी व इतर संबंधित कारणांसाठी" हा हेतू नव्हे, ते पोतं आहे, त्यात पुढे काहीही भरता येतं. मग माहिती कुठे राहते ते पाहा: यंत्रात, कंपनीच्या संगणकावर की यंत्र पुरवणाऱ्या तिसऱ्याच कुणाकडे. हा तिसरा नेहमी विसरला जातो, आणि पुढे पाचव्या पायरीवर तोच नडतो.

चौथी पायरी: संमती खरी आहे का, ते तपासा

इथे जरा थांबू, कारण सगळी मेख इथे आहे.

२०१९ मध्ये स्वीडनमधल्या शेलेफ्तिओच्या एका शाळेने २२ विद्यार्थ्यांची हजेरी काही आठवडे कॅमेऱ्याने चेहरा ओळखून घेतली. पालकांची संमती घेतलेली होती. कागद चोख होते. तरी तिथल्या डेटा संरक्षण यंत्रणेने दोन लाख क्रोनर दंड ठोकला. कारण काय, तर शाळा आणि विद्यार्थी ही बरोबरीची जोडी नाही. ज्याच्या हातात आपले गुण आहेत त्याला "नाही" म्हणता येत नसेल, तर "हो" म्हटल्याला अर्थ उरत नाही. शिवाय हजेरी घ्यायला नाव पुकारणं पुरेसं असताना चेहरा मोजायची गरजच काय, हाही मुद्दा होताच.

नोकरीत हेच होतं. साहेबाने पुढे केलेल्या कागदावर सही न करण्याचं धाडस कोण करणार? युरोपात म्हणूनच कर्मचाऱ्याची संमती सहसा कमकुवत आधार मानतात. भारताचा कायदा दुसऱ्या टोकाला जातो. नोकरीशी निगडित काही कारणांसाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी कलम ७ मध्ये संमतीशिवायच माहिती वापरायची वाट ठेवली आहे. ती वाट हजेरीच्या अंगठ्यापर्यंत किती रुंद आहे, यावर पुढे वाद होणार हे नक्की.

तर संमती खरी की नावाची, हे ओळखायची माझी कसोटी सोपी आहे: दुसरा पर्याय काय आहे? कार्ड, पिन, वहीत सही, काहीही. पर्याय असेल आणि तो वापरल्याबद्दल शिक्षा नसेल, तर संमती खरी. ब्रिटनच्या २०१२ च्या कायद्यात शाळांसाठी हे नेमकं लिहिलं आहे. एका तरी पालकाची लेखी संमती हवी, पर्याय द्यायलाच हवा, आणि पालकांनी होकार दिला तरी मुलाने नकार दिला तर मुलाचं चालतं. मला हे कलम फार आवडतं. चीननेही १ जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांत चेहरा हाच एकमेव मार्ग ठेवायला मर्यादा घातली आहे.

तेव्हा भांडू नका, नकारही देऊ नका, फक्त विचारा: "ज्याचे ठसे यंत्र घेत नाही, त्याला तुम्ही काय देता?" सिमेंट, चुना, भांड्यांचं काम करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, वय वाढलं की पुसट होतात. त्यामुळे बहुतेक ठिकाणी काही ना काही दुसरी सोय असते, फक्त ती तुम्हाला सांगितलेली नसते. ती सोय मला द्या म्हणायचं.

पाचवी पायरी: मिटवण्याची तारीख लिहून घ्या

इलिनॉयमध्ये हेतू संपला की, किंवा शेवटच्या संबंधानंतर तीन वर्षांत, यातलं जे आधी येईल तेव्हा मिटवायचं. टेक्सासमध्ये हेतू संपल्यावर जास्तीत जास्त एक वर्ष. जीडीपीआर वर्षांचा आकडा देत नाही, गरजेपुरतंच ठेवा म्हणतो. भारताचा नवा कायदा संमती मागे घेतली किंवा हेतू संपला की पुसायला सांगतो, दुसऱ्या कायद्याने ठेवणं भाग नसेल तर.

नोकरी, जिम, सोसायटी, काहीही सोडताना हा मजकूर ईमेलने पाठवा. वाटल्यास जसाच्या तसा उचला:

"दिनांक अमुकपासून माझा आपल्याशी संबंध संपला आहे. हजेरीसाठी घेतलेली माझी बायोमेट्रिक माहिती (ठसा, चेहरा आणि त्यांचे टेम्प्लेट) यंत्रातून, संगणकातून, बॅकअपमधून आणि आपल्या सेवा पुरवठादाराकडून कायमची काढून टाकावी आणि काढल्याची तारीख मला लेखी कळवावी. ही माहिती आणखी कुणाला दिली असल्यास त्यांची नावे कळवावीत. काही भाग कायद्याने ठेवणे आवश्यक असल्यास तो कायदा व मुदत कळवावी."

शेवटचं वाक्य गाळू नका. त्याच्यामुळे "नियमात बसत नाही" एवढ्यावर सुटता येत नाही, कुठला नियम ते सांगावं लागतं. युरोपात उत्तराला एक महिना मिळतो, गुंतागुंत असेल तर कारण कळवून आणखी दोन.

सहावी पायरी: उत्तर आलं नाही, किंवा माहिती फुटली तर

तक्रार कुठे, हे दुसऱ्या पायरीवरून ठरतं. युरोपात देशाच्या डेटा संरक्षण यंत्रणेकडे, आणि त्याला फी नाही. टेक्सासमध्ये ॲटर्नी जनरलकडे. भारतात नवा कायदा पुरता लागू झाला की आधी कंपनीच्या तक्रार निवारणाकडे, ते थकलं की डेटा संरक्षण मंडळाकडे. तिथे सुरक्षेच्या हलगर्जीपणाला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो सरकारच्या तिजोरीत जातो. ज्याचा ठसा गेला त्याच्या हातात काही पडत नाही.

इलिनॉयमध्ये थेट कोर्ट. १४ वर्षांच्या एका मुलाचा अंगठा मनोरंजन उद्यानाने पाससाठी घेतला, आईला काही कळवलं नाही. उद्यानाचं म्हणणं होतं, नुकसान काय झालं ते दाखवा. २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नियम मोडला हेच पुरे. २०२३ मध्ये तर प्रत्येक वेळचं स्कॅन हा वेगळा भंग ठरला, म्हणजे रोज दोनदा अंगठा लावणाऱ्याचा हिशेब कुठल्या कुठे गेला. कंपन्यांचं धाबं दणाणलं आणि २०२४ मध्ये कायदा बदलून एका माणसाला एकच भरपाई असं झालं.

माहिती फुटली असेल, तर लगेच काय करायचं? २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या कर्मचारी खात्यातून ५६ लाख लोकांचे ठसे चोरीला गेले. त्यांना नवी बोटं कोण देणार? पण अगदीच हात बांधलेले नसतात. फुटलेलं बोट जिथे जिथे कुलूप म्हणून लावलं असेल तिथून काढा आणि पिन किंवा दुसरं बोट नोंदवा. बँकेत ठशासोबत दुसरी पडताळणी चालू करा. आधार असेल तर बायोमेट्रिक लॉक करून ठेवा आणि गरजेपुरतं उघडा. खरं तर हे लॉक काही फुटायची वाट न पाहता आजच करण्यासारखं आहे.

यंत्र तुम्हीच बसवणार असाल तर

थोडक्यात सांगतो. कार्डाचा पर्याय पहिल्या दिवसापासून ठेवा. शक्य असेल तर टेम्प्लेट यंत्रात न ठेवता माणसाच्या कार्डावरच ठेवणारी पद्धत घ्या. पुरवठादाराच्या करारात "मिटवणे" हा शब्द आहे का पाहा. आणि नोकरी सोडणाऱ्यासाठी जी ना-हरकत यादी असते, लॅपटॉप, चावी, ओळखपत्र, तिच्यात ठसा ही ओळ वाढवा.

माझ्या त्या जुन्या कचेरीत ही ओळ नव्हती. वर दिलेलं पत्र मी पाठवलं, तेव्हा आधी उत्तर आलं की सॉफ्टवेअरमध्ये डिलीटची सोयच नाही. मी यंत्राचं माहितीपुस्तक शोधलं, मेनूमधलं "यूजर डिलीट" कुठल्या पानावर आहे ते कळवलं. चार दिवसांनी पडद्याचा फोटो आला: माझा क्रमांक आणि पुढे "डिलीटेड". मी परत विचारलं, पुरवठादाराकडच्या बॅकअपचं काय? यावर बरेच दिवस शांतता. मग एचआरच्या बाईंचा फोन आला. बॅकअप त्यांनी पहिल्यांदाच उघडवून पाहिला होता, आणि त्यात यंत्र बसवल्यापासून सोडून गेलेले सगळे होते. "सर, ते तुमचं पत्र आहे ना," त्या म्हणाल्या, "त्याची वर्ड फाइल पाठवता का? माझाही आधीच्या कंपनीत असेल."